‘पोरी, यंदा वारीला जायला जमंल का गं?’

नमस्कार ताई,

मी मूळची कराडजवळच्या एका खेड्यातली. गेली चौदा वर्षं मँचेस्टरला असते, तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 71 वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. माळकरी आहेत. रिटायर झाल्यापासून करोनाची दोन वर्षं सोडली तर एकही आषाढी चुकवलेली नाही.

फेब्रुवारीत त्यांना कावीळ झाली. गावात एकांनी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती ‘उतरवली’, पाणी पिवळं झालेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यात तीन आठवडे गेले. मग पुण्यात स्कॅन झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी दादाला खुणेनं बाहेर बोलावलं आणि व्हरांड्यात सांगितलं. पित्ताची वाट मोकळी करायला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकल्यावर डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, आबांना कळू द्यायचं नाही. ‘लिव्हरला सूज आहे’ एवढंच. केमोच्या फॉर्मवर सही दादाची. आबांना ती ‘ताकदीची सलाईन’ म्हणून दिली. दोनदा दिली, झेपेना, थांबवली. आता डॉक्टर म्हणतात, काही महिने.

आई सोळा सोमवार करतेय, जेजुरीला नवस बोललीय, आणि वर ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ म्हणते. आत्या गुळवेल पाठवते, वहिनी त्याचा काढा उकळते. मी म्हटलं, आबांना सांगायला हवं, तर दादा म्हणाला, ‘तू तिकडं राहून इंग्रज झालीस. सांगितलंस तर आबा हाय खाऊन त्याच दिवशी जातील, आणि ते तुझ्या माथी.’ इकडे सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना हे सगळं गुन्ह्यासारखं वाटतं. दिवसभर मी पेशंटच्या कॉटशी उभी राहून त्याच्या आजाराबद्दल त्याच्याशीच बोलते, आणि रात्री फोनवर स्वतःच्या बापाशी खोटं.

आबाही हल्ली विचित्र वागतात. त्यांची टाळांची जोडी चुलतभावाच्या पोराला देऊन टाकली. आईला घेऊन बँकेत गेले, खात्यावर तिचं नाव लावून घेतलं. विकास सोसायटीचं कर्ज किती, कोणाकडून किती येणं, हे दादाला वहीत उतरवून घ्यायला लावलं. परवा व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, ‘पोरी, यंदा वारीला जायला जमंल का गं?’ मी म्हटलं, ‘न जमायला काय झालं!’ ते हसले आणि फोन आईकडे दिला.

जूनअखेर तीन आठवड्यांची रजा काढून येतेय. सांगू की नको?

मँचेस्टरहून एक मुलगी

लेकी,

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी थोरली साधारण तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती. ‘विचित्र’ म्हणून जे तू लिहिलंस त्याच्याखाली रेघ मारली. टाळ दिले. बँकेत आईचं नाव लावलं. देणं-घेणं वहीत उतरवलं. यात विचित्र काय आहे गं? आपल्या भाषेत याला चांगला मुरलेला शब्द आहे, निरवानिरव. ज्याला निघायचं असतं तो आपली माणसं, वस्तू, देणी ज्याच्या त्याच्या हवाली करतो. ड्युटी संपल्यावर कंडक्टर काय करतो? रोकड मोजतो, वेबिल जुळवतो, सगळं डेपोत जमा करतो आणि मगच घरची वाट धरतो. नोकरीभर ज्यानं रोज रात्री हिशोब जमा केला तो आताही तेच करतोय.

तेव्हा आबांना ठाऊक नाही असं धरून चालू नकोस. स्वादुपिंड हा शब्द त्यांनी ऐकला नसेल. पण पायजम्याची नाडी दर आठवड्याला आणखी आवळावी लागते, ‘ताकदीच्या सलाईनी’नंतर उठवत नाही, डॉक्टर लेकाला बाहेर नेतात आणि लेक डोळे पुसून हसत आत येतो. खचाखच भरलेल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणाऱ्याला हे दिसत नसेल, असं तुला खरंच वाटतं?

हे मी ऐकीव सांगत नाही. 1998 साली माझ्या आईला अंडाशयाचा कॅन्सर झाला. आम्ही चार भावंडांनी मिळून तिला ‘अल्सर’ सांगितला. आता अल्सर म्हटल्यावर पथ्य आलं, म्हणून तिचं तिखट बंद केलं. ठेच्याशिवाय जिला घास उतरत नसे ती बाई पाच महिने मुकाट दूधभात खात होती. तेराव्याला तिच्या भिशीतल्या एक काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुझ्या आईनं मला चैत्रातच सांगितलं होतं. भिशीचा नंबर लवकर मागून घेतला. म्हणाली, घरी बोलू नका, पोरं घाबरतील.’ म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. आमचं नाटक आम्हाला खरं वाटावं म्हणून तिनं तो दूधभात खाल्ला. आम्ही खोटं बोललो याचं मला आता फारसं काही वाटत नाही. ठेच्याचं वाटतं.

म्हणून दादाला मी खलनायक करणार नाही. तो ज्या भाषेत वाढला त्या भाषेत बांगडी फुटत नाही, वाढवते. मंगळसूत्र वाढवतं, नारळही आपण वाढवतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर म्हातारी माणसं अजून दटावतात, ‘येतो म्हण’. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं. अंगावर फोड उठून माणसं पटापट मरत होती तेव्हा त्या रोगाला आपण ‘देवी आल्या’ म्हटलं, पाहुणी आल्यासारखं. क्षयाला राजरोग म्हटलं. वाईट गोष्टीचं नाव उच्चारलं की ती ऐकते आणि येते, हे आपल्या हाडात भिनलंय. कॅन्सर हा शब्द दादाच्या तोंडून निघत नाही तो याच कारणानं. ते तुझ्यावरचं किंवा आबांवरचं कमी प्रेम नव्हे.

पण याच भाषेत, नाव न घेता बोलायच्या शंभर वाटाही आहेत, आणि आबा त्यातल्याच एका वाटेनं बोलतायत. वारीला जायला जमंल का, या प्रश्नात पालखीची तारीख त्यांना विचारायचीच नव्हती. ती त्यांना पाठ असते. त्यांना विचारायचं होतं, माझ्याजवळ किती दिवस आहेत? तू म्हणालीस, न जमायला काय झालं. ते हसले, फोन दिला. त्यांनी दार थोडं किलकिलं केलं होतं. तू बाहेरून कडी घातलीस. वाईट वाटून घेऊ नको, मीही तेच म्हटलं असतं.

आता ते ‘इंग्रज झालीस’. हे दादालाही ऐकव आणि तुझ्या मँचेस्टरच्या मंडळींनाही. कॅन्सर झालेल्याला तसं सांगायचं, हा रिवाज पश्चिमेकडेसुद्धा जुना नाही. 1961 साली अमेरिकेत, शिकागोच्या एका हॉस्पिटलातल्या 219 डॉक्टरांना विचारलं, तर जवळजवळ 90 टक्के म्हणाले, आम्ही शक्यतो पेशंटला सांगत नाही. तेही तुझ्या दादासारखंच म्हणत होते, माणूस खचेल. 1979 मध्ये पुन्हा तसाच प्रश्न डॉक्टरांना विचारला तेव्हा 97 टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत सगळं उलटलं. कारण मधल्या काळात उपचार आले, आणि उपचार करायचे तर पेशंटची साथ लागते. शिवाय आपल्या शरीराचं आपण ठरवणार, ही मागणी तिथे जोरात आली. जपानचा सम्राट हिरोहितो 1989 च्या जानेवारीत गेला. त्याला कॅन्सर होता हे त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही, लोकांना त्याच्या मृत्यूनंतर कळलं. हे सगळं आबांच्या हयातीतलं आहे.

तुझ्या सहकाऱ्यांसाठी आणखी एक. 1995 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या 800 वयस्कर लोकांचा एक अभ्यास छापून आला. पसरलेला कॅन्सर असेल तर पेशंटला सांगावं का, असा प्रश्न होता. युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांनी हो म्हटलं, मेक्सिकन वंशाच्या 65, आणि कोरियन वंशाच्या फक्त 47 टक्के लोकांनी. एकच शहर, तीच हॉस्पिटलं. कोरियन म्हातारे अडाणी होते असं नव्हे, त्यांना तो भार घरच्यांनी उचलावा असं वाटत होतं. पण त्यातलेही निम्म्याच्या आसपास ‘सांगा’ म्हणतच होते, हे विसरू नको. म्हणून कोरियन म्हणजे असा, मराठी म्हणजे तसा, असं धरून एका माणसाचं परस्पर ठरवता येत नाही. त्यालाच विचारावं लागतं.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे. सांगू नको आणि लपवूही नको. आधी विचार.

कसं विचारायचं, ते सविस्तर लिहिते, कारण तुझ्याजवळ तीनच आठवडे आहेत. आल्या-आल्या पहिल्या दिवशी नको. माणसं भेटायला येतील, शहाळी आणि मोसंब्यांचा ढीग पडेल, प्रत्येकजण ‘बरे झालात की आबा’ म्हणेल. ते ओसरू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी आबांजवळ एकटी बस. तू फिजिओथेरपिस्ट आहेस, त्यांच्या पायाला तेल चोळ. हात कामात असले की तोंड उघडायला सोपं जातं, आणि डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि म्हण, ‘आबा, तुम्ही वारीचं विचारलंत, मी घाईत काहीतरी बोलून गेले. दवाखान्याचं सगळं दादा बघतो. त्यातलं तुम्हाला काही जाणून घ्यायचंय, का दादावरच सोपवलंय?’

मग गप्प बस. हेच सगळ्यात अवघड आहे. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण लगेच ‘चहा टाकू का’ म्हणतो. टाकू नको.

ते म्हणाले, ‘दादा बघंल’, तर विषय तिथेच ठेव. स्वतःचा भार विश्वासानं लेकाच्या खांद्यावर देणं हाही त्यांचाच निर्णय झाला, आणि आता तो त्यांनी घेतलेला असेल, दादानं परस्पर नव्हे. पण ‘मी इथं आहे तोवर कधीही विचारा, मी खोटं सांगणार नाही’ एवढं मात्र त्यांच्या कानावर घाल. आणि ते म्हणाले, ‘लय वाईट हाय का?’ तर ‘हो आबा, आजार मोठा आहे’ म्हण. नाव त्यांनी विचारलं तर सांग, न विचारलं तर गरज नाही. किती दिवस, असं विचारलं तर आकडा देऊ नको. डॉक्टरांनाही तो नेमका येत नाही. ‘पुढच्या दिवाळीचं मी सांगू शकत नाही, आषाढीला आपण बरोबर आहोत’ एवढं पुरतं. एका बैठकीत सगळं ओतायचं नाही. ते जेवढं ओढतील तेवढंच.

आणि हे सगळं करायच्या आधी दादाशी बोल, नंतर नव्हे. फोनवर नको, त्याच्यामागे गाडीवर बसून शेतावर जा आणि तिथे बोल. ‘मी आबांना सांगणार नाही, मी त्यांना विचारणार आहे’ या वाक्यावर तो अडेल, पण पहिल्याइतका नाही. त्याला हेही सांग की व्हरांड्यात एकट्यानं ते ऐकायचं आणि तोंड धुऊन आत यायचं, हे त्यानं गेले चार महिने केलंय आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारलेलं नाही. तू विचार. तो रडला तर रडू दे.

डॉक्टरांनी दादालाच का सांगितलं, यावर तुझा राग आहे. तो समजतो, पण आपल्याकडच्या डॉक्टरांची 2002 ची आचारसंहिताच म्हणते की आजाराचं गांभीर्य पेशंटला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना माहीत असावं. तिघांना एकाच माळेत ओवलंय, आणि बहुतेक डॉक्टर त्यातला सोपा मणी निवडतात. सहीचं मात्र तसं नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या उपचाराची संमती त्याचीच लागते, सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये ते स्पष्ट केलंय. झाली ती सही झाली, त्यावर आता भांडू नको. यापुढचा प्रत्येक कागद आबांना वाचून दाखवून त्यांची सही घ्या. 

व्हेंटिलेटरचं काय करायचं, हेही त्यांच्या तोंडून ऐकून ठेवता आलं तर बघ. असं लिहून ठेवायची सोय कोर्टानं 2018 मध्ये मान्य केली आणि 2023 मध्ये ती पद्धत पुष्कळ सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. वहीत सोसायटीचं कर्ज उतरवणारा माणूस हेही उतरवेल, मला खात्री आहे.

आता आई. ‘भोग’ या शब्दानं तुझं डोकं फिरतं, ते पत्रावरून कळतं. माझंही फिरायचं. पण तो शब्द आईला काय देतो ते बघ. तीन आठवडे चुन्याच्या पाण्यात गेले. ‘आधी नेलं असतं तर’ हा किडा तिला रोज रात्री पोखरत असणार. भोग म्हटलं की कोणाचंच चुकलेलं नसतं, ना तिचं, ना दादाचं, ना त्या पाणी पिवळं करणाऱ्याचं. (स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात गेलेला असताना त्या तीन आठवड्यांनी फार फरक पडला नसता, हेही तिला एकदा शांतपणे सांग.) तुमच्याकडे माणूस कॅन्सरशी ‘फाइट’ देतो. आमच्याकडच्या पेपरातही हल्ली मथळे येतात, ‘झुंज अपयशी’. म्हणजे मेला तो हरला. त्यापेक्षा मला भोग परवडला. सोमवार करू दे, नवस बोलू दे. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हात-पाय वाहायला सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात. जिथे आपलं काही चालत नाही तिथे हाताला काहीतरी काम लागतंच. फक्त आईला साठीनंतर कडक उपास झेपतात का ते बघ. दोन पेशंट वहिनी कुठून सांभाळेल?

‘भोगून संपवायचे’ यावर मात्र मी आडवी येणार. दुखणं भोगायचं नसतं. या कॅन्सरमध्ये पोटातून पाठीत जाणारी कळ येते, आणि आबांच्या पिढीतले पुरुष ती दात आवळून सोसतात, वर विठ्ठलाचं नाव घेतात, आणि घरच्यांना वाटतं, किती शांत आहेत! रोज विचारा, दहापैकी किती दुखतंय. साध्या गोळ्या पुरेनाशा झाल्या की मॉर्फिनची गोळी असते. तिचं नाव काढलं की घरात दोन गोष्टी बोलल्या जातात, व्यसन लागेल आणि म्हणजे आता शेवट आला. दोन्हींत तथ्य नाही. डॉक्टरांच्या हाताखाली नीट मोजून दिली तर माणूस जागा राहतो, बोलतो, जेवतो. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर हवं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ती मिळवणं वर्षानुवर्षं जिकिरीचं होतं, 2014 च्या दुरुस्तीनंतर वाट मोकळी झाली, तरी प्रत्येक दवाखान्यात ती नसते. कराड-साताऱ्यात कोण देतं, ते कळ वाढायच्या आधी शोधून ठेवा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं शमवायचं, केंद्र आहे, 1997 पासूनचं, तिथे पैसे घेत नाहीत. पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं. आठ दिवस राहून दुखण्याचं गणित बसवायचं आणि घरी परतायचं, असंही करतात. तिथे ‘शेवटचं’ म्हणूनच जायचं असं नाही. पाठीची कळ गोळ्यांनी आवरत नसेल तर नस बधिर करायचं इंजेक्शनही असतं, त्याबद्दल विचारा.

स्टेंटबद्दल एक. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले तर स्टेंट तुंबलाय असं समजायचं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. काढ्याची वाट बघायची नाही, आणि चुन्याच्या पाण्याची तर नाहीच. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटव.

गुळवेल बंद. करोनाच्या काळात रोगप्रतिकारशक्तीच्या नावाखाली घरोघर गुळवेल उकळला गेला आणि त्यातून यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेत. आबांच्या यकृताला आधीच पुरे झालंय. पण आत्याला ‘तुमच्या काढ्यानं नुकसान होतं’ असं तोडून सांगू नको, तिलाही भावासाठी काहीतरी करायचंय. तिला सांग, डॉक्टरांनी दोन-दोन तासांनी थोडं थोडं खायला द्यायला सांगितलंय, तू येऊन खाऊ घाल. नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी, अंडं. माळकरी म्हणून अंडं चालणार नाही, बरोबर. मग पनीर, घट्ट वरण. जेवणाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल लागते का ते डॉक्टरांना विचारा, शौच तेलकट होत असेल तर नक्की लागते. पथ्याच्या नावाखाली भूक मारू नका. आणि त्यांना ठेचा खावासा वाटला तर द्या.

वहिनी! सबंध पत्रात त्या एकदाच येतात, काढा उकळताना. सलाईनच्या रात्री जागरण कोणी केलं? उलट्यांच्या चादरी कोणी धुतल्या? सांगायचं की नाही, हे ठरवताना आई, दादा, आत्या, तू, सगळे आहेत. ज्या बाईच्या हातून आबा रोज गोळी घेतात तिला कोणी विचारलेलं नाही. तिच्याशी बोल. माझा अंदाज आहे, आबा तिच्याशी काहीतरी बोललेले असणार. सासरे-सुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जे बोलतात ते लेकी-लेकांना शेवटी कळतं. आणि तू आहेस ते तीन आठवडे रात्रीचं जागरण तुझं. तिला दोन दिवस माहेरी पाठव.

आता वारी. केरळात कोळिकोडला 1993 साली काही डॉक्टरांनी दुखणं शमवण्याचं काम सुरू केलं, आणि पुढे गल्लोगल्लीची माणसं त्यात उतरली. औषध डॉक्टर देतात; अंघोळ घालणं, सोबतीला बसणं, तांदूळ पोचवणं शेजारी करतात. त्याचं जगात कौतुक होतं. तुमच्या गावात तसं केंद्र नसेल, पण दिंडी आहे. जी माणसं दरसाल आबांबरोबर पायी चालली, एका राहुटीत झोपली, एकमेकांच्या पायांचे फोड बांधले, त्यांना दादा येऊ देत नाही का? ‘कोणी काही बोलून बसेल’ म्हणून? बोलू दे. माळकरी माणूस रोज संध्याकाळी टाळ वाजवत देह जाणार आहे हेच म्हणत असतो. तुमच्या घरात मरणाची सगळ्यात जास्त सवय असलेला माणूस बहुधा आबाच आहेत, आणि तुम्ही सगळे मिळून ते त्यांच्यापासून लपवताय. भजनी मंडळाला आठवड्यातून एक दिवस घरी बोलवा. ज्या पोराला टाळ दिले त्यालाही. त्याला आबांसमोर ते वाजवू दे, त्यांना ऐकायचे असतील.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि नीरा ओलांडून तुमच्या सातारा जिल्ह्यात येते. लोणंदला मुक्काम असतो, पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. पंढरपूरपर्यंत आबांना झेपणार नाही. लोणंद झेपेल, कराडहून गाडीनं दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. रिंगणाच्या गर्दीत नेऊ नका, मुक्कामाच्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला सकाळी लवकर गाडी लावा, पुढच्या सीटवर आबा, दार उघडं. त्यांची दिंडी कोणत्या क्रमांकाची ते त्यांना विचारा, ती समोर आली की माणसंच थांबतील. दुपारची गोळी, उलटीसाठी पिशवी, जाडी चादर आणि वहिनी बरोबर हव्यात. आदल्या दिवशी डॉक्टरांना कळवून ठेवा.

तेव्हा पुढच्या फोनवर ‘न जमायला काय झालं’ म्हणू नको. म्हण, ‘आबा, चालत नाही जमायचं. लोणंदला मी नेते.’ बघ काय म्हणतात.

पंचांग बघून तारखा जुळव. आणि परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल असं काढ, चार पैसे जास्त गेले तरी.